बाळंतिणीचं चित्र

राजश्री शिवलकर चित्रकलेच्या बाई. रत्नागिरीतल्या एका मराठी शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला भाग उरकायची हक्काची जागा, हे त्यांनी इतकी वर्षं मुकाट्याने सोसलं. मार्च जवळ आला की बाईंचा तास गायब. त्यावरून त्या कधी भांडल्या नाहीत. पण चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणारी मुलं आणि वर्षाचं चित्रप्रदर्शन, या दोन गोष्टींना हात लावला तर बाईंसारखं कजाग माणूस नाही, असं शिपाई दादू सांगतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

बाईंचे वडील बोटीवर खलाशी होते. एकदा इटलीच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी एका संगमरवरी पुतळ्याचं चित्र असलेलं कार्ड आणलं. पुतळा पुरुषाचा, अंगावर चिंधी नाही. आईने ते ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी दडवलं. नवऱ्याने इतक्या लांबून आणलेलं, फेकवतही नव्हतं. आई बाजाराला गेली की लहानगी राजश्री ते काढून बघत बसायची. तिला त्यातून कळलं ते एवढंच, की एका पायावर भार दिला की कमरेची दुसरी बाजू खाली झुकते. तिचं काही बिघडलं नाही. त्यामुळे मुलांनी चित्रात उघडं अंग पाहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, असं त्या आयुष्यभर धरून चालल्या. आपण ते दार लोटून, एकटीने बघत होतो, ही गोष्ट मात्र त्यांनी कधी हिशेबात घेतली नाही.

यंदा आठवीची सहल कातळशिल्पं बघायला गेली. राजापूरच्या अंगाला एका गावाच्या वरती उघडा सडा आहे. जांभ्या दगडाचं मैदान, मधेमधे वाळलेलं गवत, आणि त्या दगडात कुणी कोण जाणे किती काळापूर्वी कोरलेले मासे, वाघ, एक भलाथोरला हत्ती. बाजूला, जरा खोलगट जागी, एक बाई कोरलेली आहे. तिला डोकं नाही. गुडघे दोन बाजूंना फाकवून ती बसली आहे. गावात तिला बाळंतीण म्हणतात. गणिताच्या सरांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि "चला चला, पुढे हत्ती आहे" म्हणत मुलांना शेळ्यांसारखं पुढे हाकललं.

सानवी गोताड तेवढी मागे रेंगाळली. तिच्या आजीचं, मथुराआजीचं, ते माहेर. त्या गावात बाईला सातवा महिना लागला की घरातल्या बाया तिला बाळंतिणीपाशी नेतात. केस मोकळे सोडायचे, पदराला गाठ ठेवायची नाही, आणि कळशीभर पाणी कातळातल्या त्या रेघांवर ओतायचं. पाणी रेघांतून अडखळल्याशिवाय वाहिलं की बाळंतपण सुखाचं. पुरुष खाली, पाखाडीच्या दगडी पायऱ्यांशीच थांबतात. सानवीची आई दीपाली सातव्या महिन्यात इथेच आली होती, आणि पोटात होती ती सानवी. हे तिला आजीनेच सांगितलं होतं.

सहलीनंतर बाईंनी वर्गाला सांगितलं, तुम्हाला आवडेल ते काढा. वर्गातून हत्तींचे कळपच्या कळप आले. सानवीने बाळंतीण आणली. तांबड्या कातळावर ती बसलेली, वरून कुणाच्या तरी हातातली कळशी कललेली, पाणी तिच्या अंगाच्या रेघारेघांतून धावतंय, आणि कडेने बायकांची अनवाणी पावलं. काही झाकलं नव्हतं, काही मुद्दाम दाखवलंही नव्हतं. बाईंनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. इतक्या वर्षांत असं एखादंच चित्र हाताला लागतं. त्यांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

प्रदर्शनात त्यांनी ते मधोमध लावलं. खाली, सगळ्या चित्रांखाली असतं तसंच पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत, सानवी संदेश गोताड, आठवी ब. एवढा अनुभव असलेल्या बाई, पण चित्र लावताना त्यांनी फक्त चित्र पाहिलं. खालचं नाव एका तेरा वर्षांच्या मुलीचं आहे, आणि तिला सोमवारी त्याच वर्गात बसायचं आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही. उजेड कुठून पडतो ते बघून मात्र त्यांनी दोन खिळे बदलले.

बापाचा फोन घेऊन आलेल्या कुणा पोराने त्या चित्राचा फोटो काढला. फोटोत चित्र आलं आणि नाव आलं. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या गटावर, मग वाडीच्या गटावर फिरत गेला. सोमवारी फळ्यावर कुणीतरी डोकं नसलेली बाई काढून ठेवली होती आणि मुलं सानवीला कातळबाई म्हणत होती. तिने दप्तर उचललं आणि ती घरी निघून गेली. बाईंनी स्वतः फळा पुसला, वर्गाची खरडपट्टी काढली. वर्ग खाली मान घालून ऐकत होता आणि खालच्या खाली हसत होता. बाईंना त्या दिवशी प्रथमच आपल्या वर्गाची भीती वाटली.

शनिवारी शाळा सुटल्यावर सानवीच्या घरच्यांना बोलावलं. वडील संदेश लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, पाळी बदलून आलेले, डोळे तांबारलेले. दीपाली घरीच राहिली होती. मथुराआजी मात्र नऊवारी नीट आवरून खुर्चीच्या कडेला टेकली होती, आणि सानवी तिच्या पाठीशी उभी होती. मुख्याध्यापक भाटकर सरांच्या टेबलावर चित्र गुंडाळी करून ठेवलेलं.

"आजी, तुमच्याच माहेरची ती बाळंतीण," बाईंनी समजावून पाहिलं. "तुम्हीच पाणी घालता तिला. मग चित्रात ती वाईट कशी झाली?"

"वायट कोन म्हनतंय," मथुराआजी शांतपणे म्हणाली. "मी पन गेल्ये होते तितं, माझ्या चार येळा. पन तितं आमी बायका जातो, बाई. पुरुष पाखाडीखाली ऱ्हातात. तुमी तिला भितीवर टांगलीत. येनारा-जानारा बघनार. आनि खाली माझ्या नातीचं नाव."

बाईंकडे एक उत्तर होतं, कलेचं, शिक्षणाचं, मुलांची नजर तयार करण्याचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण या म्हातारीपुढे ते तोंडातून निघेना. नजर तयार करायची म्हणे, आणि तयार होण्याआधीच एका पोरीला त्या नजरेपुढे उभं केलं. त्यांना स्वतःचा राग आला.

संदेश खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "मला एकच सांगा बाई. हे तिने आपल्या मनाने काढलं, की तुम्ही काढायला लावलंत?"

भाटकर सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सगळ्यांना माहीत होतं काय पणाला लागलं आहे. पोरीने मनाने काढलं असेल तर तिचं चित्र काढणं आजपासून बंद, एलिमेंटरीची परीक्षा बंद, आणि जूनमध्ये तिची रवानगी आत्याकडे राजापूरला. हे संदेश दारातच सांगून मोकळा झाला होता. त्याला पोरीवर हात उगारायचा नव्हता. आपली पोर बिघडलेली नाही, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून तो आला होता.

"मी लावलं," राजश्रीबाई म्हणाल्या. "विषय मी दिला. कसं काढायचं तेही मीच दाखवलं. तिचा त्यात काही दोष नाही."

भाटकर सरांनी चमकून पाहिलं. मग हलकेच म्हणाले की शाळा बाईंकडून लेखी खुलासा घेईल. संदेशने मोठा श्वास सोडला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "परीक्षेला बसू दे तिला. पण फुलं, पानं, देखावा, असलं काय ते शिकवा." मथुराआजी उठली. सरांनी गुंडाळी संदेशपुढे केली, त्याने नको म्हणून मान हलवली, तेव्हा सानवीनेच ती उचलून घेतली.

बाईंना हायसं वाटलं. नोकरीला डाग लागला तर लागला, पोर वाचली. त्या तिच्यामागोमाग व्हरांड्यात आल्या. संदेश खाली गाडी सुरू करत होता, आजी पायऱ्या उतरत होती.

"बाई," सानवी म्हणाली, "तुम्ही मला काही दाखवलं नव्हतंत."

"नव्हतं गं."

"मग असं का सांगितलंत?"

"तुला बोल लागू नये म्हणून."

सानवी थोडा वेळ गुंडाळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मला वाटत होतं, तुम्ही तरी सांगाल की ते चांगलं आहे. म्हणजे ते काढणं वाईटच होतं."

तिने विचारलं नव्हतं, ती सांगत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण खाली संदेशने वर पाहिलं होतं, जरा मोठ्याने बोललं तर त्याला ऐकू गेलं असतं, आणि आत्ताच जोडलेलं सगळं मोडलं असतं. राजश्रीबाई गप्प राहिल्या.

सानवीने ती गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

"तुमचं आहे ना, मग तुम्हीच ठेवा," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून बापाच्या मागे गाडीवर बसली.