कोरडं ताम्हण

माझ्या बाबांनी ग्वाल्हेरला किला गेटजवळच्या एका हिंदी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. पृथ्वीवरच्या पाण्याचा धडा आला की ते वर्गात बादली भरून ठेवायचे आणि खिशातून घरच्या देवाची पळी काढायचे. ही बादली म्हणजे जगातलं सगळं पाणी. त्यातलं बहुतेक खारट. गोडं आहे त्यातलं बरंचसं बर्फ होऊन बसलेलं, काही जमिनीच्या पोटात, थोडं हवेत वाफ होऊन फिरणारं. तुमच्याआमच्या वाट्याला येतं ते एवढं, म्हणून ते पळी उंच धरायचे. आई दरवर्षी चिडायची. देवाची पळी शाळेच्या बादलीत बुडवली म्हणून ती चिंचेनं घासून मगच देवघरात परत ठेवायची.

गेल्या वर्षी बाबांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला एक लिटर, त्याच्यावर थेंबही नको, मग पाणी कुठल्याही रूपातलं असो. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही, पाण्याची रूपं हा त्यांचाच विषय. घरी येताना टेम्पोतच त्यांनी युक्ती काढली. सकाळी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची आणि त्यांच्या पोटात जे काही ओलं जाईल तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. अर्धा कप चहा झाला की अर्धा कप तुळशीला. वाटीभर कढी, वाटीभर तुळशीला. ककडीत पाणी, खरबुजात पाणी, भाताच्या शितात मुरलेलं पाणी, जिभेवर ठेवलेल्या बर्फाच्या खड्यात पाणी. बाटलीत उरेल ते त्यांचं. तोवर पाणी नळात असतं एवढंच मला ठाऊक होतं, आणि आमच्या दौलतगंजात तेही एक दिवसाआड.

मग उन्हाळा आला. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात धडधाकट माणसाची जीभ टाळ्याला चिकटते, तिथे बाबांचं काय होत असेल? ते दिवसभर कूलरसमोर बसून जाळीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचे. मला ते बघवत नसे. पण डायलिसिसच्या आधी वजन करताना काटा दर खेपेला पुढे जायला लागला. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. तिथला तंत्रज्ञ एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, अंकल के अंदर इतना पानी जा कहाँ से रहा है? ऐसे ही चला तो फेफड़ों में भर जाएगा, फिर हम कुछ नहीं कर पाएँगे।"

मी मुळात तापट. घरी येऊन मी दात घासायचा मग तपासला, उशीखाली पाहिलं, कूलरची टाकीसुद्धा पाहिली. काही सापडलं नाही तेव्हा आईवर उलटले.

"तूच देतेस त्यांना चोरून. जीव घेशील त्यांचा."

"मी? मी तर एक घोट पण नाही दिला गं. तू मला झूठी समजतेस?" आई त्या दिवशी जेवली नाही. पदरात तोंड खुपसून रडत राहिली, आणि हे रडणंच मला पुरावा वाटलं. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

त्या दिवसांत एकच गोष्ट बरी चालली होती. बाबांचं मन देवात लागलं होतं. जन्मभर शाळेच्या घाईत सकाळची संध्या कशीबशी उरकणारा माणूस आता त्रिकाळ संध्येला बसायचा, अर्धा अर्धा तास उठायचा नाही. आईला कोण आनंद! वाळा घातलेल्या माठातलं गार पाणी ती पंचपात्रात काठोकाठ भरून ठेवायची.

एका रविवारी दुपारी आईचे गुडघे धरले होते म्हणून पूजेची भांडी उचलायला मी गेले. पंचपात्र रिकामं होतं. आणि ताम्हण कोरडं ठाक.

आचमनात पहिल्या तीन नावांना पळीभर पाणी तळहातावर घेऊन प्यायचं आणि चौथ्या, गोविंदाच्या नावाला ते ताम्हणात सोडायचं, हे आमच्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मग ताम्हणातलं पाणी गेलं कुठे? संध्याकाळी मी देवघराच्या पडद्यामागे उभी राहिले. केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः. थोडा श्वास, आणि पुन्हा केशवाय नमः. पुन्हा, पुन्हा. गोविंद आलाच नाही.

आम्ही ककडीतलं पाणी मोजलं होतं, भातातलं मोजलं होतं. देवापुढचं मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आमच्यात निर्जळी उपासालाही तीर्थ चालतं, कारण ते पाणी नव्हेच. मी एरवी देव न मानणारी, पण मलाही ते कधी पाणी वाटलं नाही.

"बाबा, गोविंद कुठे गेले?"

त्यांनी पळी खाली ठेवली.

"तहान फार लागते गं," ते म्हणाले. "आणि देवाचं म्हणून घेतलं की चोरी वाटत नाही." मग हळूच, "आईला सांगू नकोस. दर वेळी तिनंच भरून दिलंय."

मला भयंकर राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही जमलं नाही. "भूगोलाच्या मास्तरांना पाण्याचं हे एक रूप बरं सापडलं," एवढंच म्हणाले. ते हसले, आणि हसता हसता धाप लागून भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवसापासून पंचपात्र मी भरते. आईला सांगितलं, तुझे गुडघे दुखतात, तू बसू नकोस. बाटलीतल्याच चार पळ्या त्यात जातात. तीन ते पितात. चौथीही पिऊन टाका, असं मी त्यांना दोनदा सांगितलं, पण त्यांनी मान हलवली. गोविंदाच्या नावाला ते हातावरून पाणी सोडतात आणि ताम्हणातल्या त्या पळीभर पाण्याकडे बघत बसतात. वजन आता काबूत आहे, जिनाही थांबत थांबत चढतात.

आईची माफी मागायची मात्र राहिली आहे. मागायची तर सगळं सांगावं लागेल.

काल सकाळी ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "किती छान मन लागलं होतं गं त्यांचं पूजेत. आता पाच मिनिटांत उठून येतात. त्या दिवशी मी रडारड केली, जेवले नाही, तेच लागलं असेल त्यांच्या मनाला. माझ्यामुळेच रुसले बघ देवावर."

नाही गं आई, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात देवघरातून बाबांचा आवाज आला, गोविंदाय नमः, आणि ताम्हणात पाणी पडलं. मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी निवडायला घेतली.