पंचवीस मिनिटांचं इंजिन

विश्वनाथ देवस्थळींना बिघडलेली वस्तू दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद पसरायचा. केंद्र सरकारच्या पाण्याच्या एका खात्यात ते अधीक्षक होते. तिथे दिवसभर फायली. पण दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या क्वार्टरात रविवारी सकाळी लोक मिक्सर, इस्त्र्या आणि टेबलफॅन घेऊन दवाखान्यात आल्यासारखे बसायचे. वृंदाताई सगळ्यांना चहा करायच्या. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतील तर आपणही वायर जळवून या रांगेत बसावं, असं त्या म्हणायच्या. विश्वनाथराव हसायचे आणि पुन्हा इस्त्रीत डोकं घालायचे.

एकोणनव्वद साली खात्याच्या लिलावात त्यांनी नावेला मागून लावायचं एक मोडीत काढलेलं इंजिन घेतलं. घरात नाव नव्हती, आणि दिल्लीत समुद्र नव्हता. तीन महिने ते इंजिन न्हाणीघरात सुटं होऊन पडलं आणि घरचे लोक त्याला ओलांडून आंघोळीला गेले. शेवटी मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपात बुडवून त्यांनी ते चालवून पाहिलं. वरच्या मजल्यावरचे भाऊसाहेब बाल्कनीतून म्हणाले, "देवस्थळी, पिंप कुठवर पोहोचलं?"

"मथुरेला," विश्वनाथराव म्हणाले.

त्या दिवशी वृंदाताई पायरीवर मटार सोलत होत्या. विश्वनाथरावांनी त्यांना पेट्रोलची लाल टाकी दाखवली. "हा झाकणावरचा स्क्रू बघ. यातून टाकी श्वास घेते. हा आवळलेला राहिला की उन्हात वाफ कोंडते, पेट्रोल नको तितकं इंजिनात घुसतं, प्लग भिजतो. मग दोरी ओढ ओढ ओढली तरी सुरू व्हायचं नाही."

"मटार किडके निघालेत," वृंदाताई म्हणाल्या.

ओखल्याला, बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, बुधराम नावाचा नावाडी होता. रविवारी तो आपली नाव द्यायचा. थंडी सरली की मिक्सरवाल्यांना टाळून हे नवराबायको पहाटेच निघायचे. तेव्हाही यमुनेला वास होताच, पण फाल्गुनात जलपर्णीच्या कडेला परदेशी पक्षी बसलेले असायचे. नाव तिथवर गेली की वृंदाताई म्हणायच्या, "अहो, बंद करा ना. उडतात ते आवाजाने."

इंजिन बंद व्हायचं. आणि निघायच्या वेळी सुरू व्हायचं नाही.

पहिल्यांदा विश्वनाथरावांनी खांदा निखळेस्तोवर दोरी ओढली. प्लग काढला तर ओला. त्यांनी निदान सांगितलं, "कॉइल. गरम झाली की तिची ठिणगी मरते. आता पंचवीस मिनिटं याला हात लावायचा नाही."

पंचवीस मिनिटांनी, प्लग पुसून, पहिल्या झटक्यात सुरू.

सात वर्षं हे असंच चाललं. त्यांनी दोनदा कॉइल बदलली, तीनदा कार्बोरेटर खोलला, पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं. घरी पिंपात ते कधी अडलं नाही आणि नदीवर अडायचं कधी चुकलं नाही. मधेच कधीतरी त्यांनी जपून ठेवलेली कुकरची जुनी रिंग एका ठिकाणी कुरतडलेली सापडली. त्यांनी उंदराचा पिंजरा लावला. आठ दिवस त्यात पोळीचा तुकडा वाळत राहिला.

"हुशार दिसतोय उंदीर," वृंदाताई म्हणाल्या.

मग दिवस पालटले. लोक बिघडलेले मिक्सर टाकून नवे आणायला लागले आणि रविवारची रांग विरली. मुलगा मानस नोएडाला नोकरीला लागला, तिथेच एका सेक्टरमध्ये त्याने फ्लॅट घेतला. पंचाण्णव साली विश्वनाथराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि इंजिनासकट मुलाकडे आले. आता रोज निवांत बोलायला हरकत नव्हती. पुढच्या श्रावणात वृंदाताई गेल्या. दुखणं पाच आठवड्यांचं. त्यातही दवाखान्यातल्या पलंगाचं कुरकुरणारं चाक विश्वनाथरावांनी दुरुस्त केलं. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

इंजिन फ्लॅटच्या बाल्कनीत वृंदाताईंच्या जुन्या साडीखाली झाकलेलं होतं. फाल्गुन आला तसे विश्वनाथराव म्हणाले, "मला एकदा नदीवर जायचंय."

"बाबा, ते भंगार मधे बंद पडतं," मानस म्हणाला.

"म्हणूनच," ते म्हणाले. त्यांना ती पंचवीस मिनिटं हवी होती. तीच जागा, तेच अडलेलं इंजिन. घरात सगळं चालू असायचं, टीव्ही, फोन, वॉशिंग मशीन. बंद पडलेल्या एखाद्या गोष्टीजवळ त्यांना बसायचं होतं.

त्यांना एकट्याला सोडायला नको म्हणून सून हेमांगी आली. ती दिल्लीतच वाढलेली, चॅनेलच्या ऑफिसात काम करायची, आठवड्याची एक सुट्टी तिने या नावेत घातली होती. बुधरामने इंजिन चढवायला हात दिला. "मॅडम नहीं हैं तो पीछे हल्की लगती है," तो म्हणाला, आणि मग उगाच दोर तपासत बसला.

पक्षी यंदा थोडे होते. विश्वनाथरावांनी इंजिन बंद केलं. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांनी, नेहमीचा उपचार म्हणून, दोरी ओढली.

इंजिन सुरू झालं.

"वा, बाबा. बिल्कुल नवं," हेमांगी म्हणाली.

त्यांनी ते बंद केलं. पुन्हा थांबले, पुन्हा ओढली. सुरू. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. ज्या आवाजासाठी त्यांनी सात वर्षं डोकं फोडलं होतं, तो आवाज आता त्यांना सहन होईना.

मग सवयीने त्यांचा हात एकेका जागी गेला. प्लग कोरडा. कॉइल कढत, तरी ठिणगी ठणठणीत. नळी ठीक. टाकी. झाकणावरचा स्क्रू निघताना त्यांनीच सैल केला होता, नेहमीसारखा. तो त्यांनी पूर्ण बाहेर काढला.

स्क्रूच्या मुळाशी करड्या रबराची एक चकती होती. नखं कापायच्या कात्रीने गोल कापलेली, मधे भोक, जुना स्क्रूही घट्ट बसावा म्हणून. कुकरची रिंग त्यांनी ताबडतोब ओळखली.

वृंदाताई कायम टाकीजवळ बसायच्या. तिच्यावर पदर टाकायच्या. "ऊन लागतं हिला," म्हणायच्या, आणि बायकोला टाकीची काळजी आहे याचं विश्वनाथरावांना कोण कौतुक वाटायचं. पदराखाली स्क्रू आवळला जायचा आणि वेळ भरत आली की सैल व्हायचा. मटार सोलताना तिने सगळं ऐकलं होतं.

आणि त्या पंचवीस मिनिटांत आपण काय बोललो, ते विश्वनाथराव आठवू लागले. कॉइल. सात वर्षं, दर रविवारी, कॉइल. एकदा ती म्हणाली होती, "दुसरं काहीतरी बोला ना." त्यांनी जरा विचार केला होता आणि मग ते प्लगबद्दल बोलले होते.

"बाबा? काय झालं?"

त्यांनी चकती परत बसवली. स्क्रू आवळला, खांद्यावरचा पंचा टाकीवर घातला आणि तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. पेट्रोलचा वास आला.

"अरे यार," हेमांगी म्हणाली. "आता?"

"गरम झालंय. पंचवीस मिनिटं लागतील."

"मग बसू या." तिने पाय पसरले. "होतं काय पण याला, नक्की?"

"त्याचं असं आहे, कॉइल..." विश्वनाथरावांच्या तोंडून निघालं आणि तिथेच थांबलं. पंच्यावर ठेवलेला हात त्यांनी उचलला नाही. नाव हळूहळू जलपर्णीकडे वाहत होती.

"काही नाही," ते म्हणाले. "तू बोल. मी ऐकतोय."