बंटीला न दिलेली मशीन

सेनगाव, औंढा आणि वसमत हे तिन्ही तालुके भांडेवाल्या सोजराबाईच्या पायाखालचे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. जुनं लुगडं द्या, पातेलं घ्या, हा तीस वर्षांचा धंदा. कुठल्या घरातल्या कुठल्या पेटीत काय पडलंय, हे त्या घरच्या सुनेच्या आधी सोजराबाईला ठाऊक.

म्हणूनच हिंगोलीतल्या मोबाईलवाल्या बंटीनं तिला हाताशी धरलं. टीव्हीला जोडायचे जुने व्हिडीओ गेम, त्यांच्या कॅसेटी, दिसेल ते आण म्हणाला. "भंगारच हाय मावशी, पण मला नाद हाय." शिरड शहापूरच्या एका घराच्या माळ्यावरून तिनं हातात धरून खेळायचा छोटा गेम आणला, कढईच्या बदल्यात. बंटीनं कढईचे पैसे दिले, वर पन्नास रुपये दिले आणि चहा पाजला.

महिन्याभरानं सून संगिता मोबाईल घेऊन पुढं आली. "आत्याबाई, हे बघा."

व्हिडीओत बंटी तोच गेम दाखवत होता. अकरा हजारांना विकला म्हणून सांगत होता. मग त्यानं डोक्यावर टॉवेल ओढला आणि सोजराबाईचा घोगरा आवाज काढला, "भाऊ, ह्ये काय हाय वो? चुलीत घालू का?" दुकानातली माणसं खो खो हसली. असं ती कधी बोललीच नव्हती.

सोजराबाईनं तो व्हिडीओ तीनदा बघितला. पैशाचं तिला एवढं लागलं नाही, धंद्यात कमीजास्त व्हायचंच. पण नवरा वारल्यावर ह्याच आवाजात दारोदार हाळी देऊन तिनं दोन लेकरं वाढवली होती.

"भांडायला जाऊ का आपण?" संगिता म्हणाली.

"भांडून काय व्हतंय? त्याचे समदे व्हिडीओ लाव मला."

जेवण झालं की रोज ती बंटीचे व्हिडीओ बघायला बसू लागली. गेमची नकली मशीन हातात हलकी लागते. अस्सल जपानी मशीन लाल-पांढरी असते, तिच्या बुडाला जपानी अक्षरं असतात. खोकं शाबूत असेल तर भाव चौपट. बंटीनंच तिला सगळं शिकवलं आणि त्याला पत्ता नव्हता. एका व्हिडीओत तो म्हणाला, अशी खोक्यासकट मशीन अकोल्याचे जुन्या गेमचे शौकीन रामप्रसादजी दोन वर्षांपासून मागून राहिलेत, ती घावली की आपलं नाव झालं.

सोजराबाईनं तेवढंच धरलं. चार महिने ती लुगड्यांच्या आधी माळ्यांची चौकशी करायची. नकली मशिनी तर ढिगानं निघाल्या. शेवटी सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत पद्माबाईच्या कपाटावर लाल-पांढरं खोकं दिसलं. त्यांचा दीर दुबईला होता, त्यानं कधीकाळी आणलेलं. सोजराबाईनं मशीन उचलली. जड होती. बुडाला अक्षरं होती.

पद्माबाई म्हणाल्या, "ने बाई, एक कुकर दे."

"कुकर तर देतेच. पण हिला लई मोल हाय. इकली की निम्मे पैसे तुमचे."

संगितानं बंटीला फोटो पाठवला. पाचव्या मिनिटाला त्याचा फोन, "मावशी, कुणाला दाखवू नको! रविवारी सकाळीच घेऊन ये."

त्याच दिवशी रामप्रसादजी येणार, हे बंटीनं व्हिडीओत सांगून टाकलं होतं. सकाळी ती गेलीच नाही. बंटीनं सतरा फोन केले, तिनं एकही उचलला नाही. अकोल्याची गाडी दुकानापुढं उभी राहिलेली दिसल्यावर ती समोरच्या चहाच्या टपरीवरून उठली आणि खोकं कवटाळून दुकानात शिरली.

"ये मावशी, ये!" बंटीनं हात पुढं केले. "आण इकडं."

"थांब. आधी माझा आवाज काढ."

"कसला आवाज?"

"डोक्यावर टॉवेल घेऊन काढला व्हतास तसा. ह्या सायबाला बी ऐकू दे."

बंटीचं तोंड उतरलं. रामप्रसादजी एकदा त्याच्याकडं, एकदा बाईकडं बघत राहिले. खोकं तर समोरच होतं. शेवटी बंटीनं टॉवेल डोक्यावर ओढला आणि पुटपुटला, "भाऊ, ह्ये काय हाय वो..." कुणीच हसलं नाही.

सोजराबाईनं खोकं रामप्रसादजींच्या पुढ्यात ठेवलं. "सायेब, मालकीण मी हाय. भाव माझ्यासंगं बोला."

"मावशी, अगं मी काढला की आवाज!"

"काढलास. पर बराबर न्हाई जमला."

सौदा बंटीच्याच काउंटरवर झाला. जाताना रामप्रसादजींनी तिचा नंबर घेतला आणि इथून पुढं माल सरळ तिच्याकडूनच घेणार म्हणाले. बंटीनं त्यांच्यासाठी मागवलेली कचोरी तशीच राहिली. सोजराबाईनं त्यातली एक उचलून सावकाश खाल्ली.

त्याच संध्याकाळी बंटीनं तो टॉवेलवाला व्हिडीओ काढून टाकला. पुढं बंटी स्वतः मोटारसायकल घेऊन खेडी पालथी घालू लागला. पण पद्माबाईंचे निम्मे पैसे पोचते करून साखऱ्यापासून शिरड शहापूरपर्यंत सोजराबाई घरोघर तशाच निम्म्या वाट्याचं आधीच बोलून गेलेली. बायका त्याला दारातूनच सांगायच्या, "न्हाई बाबा, आमचं सोजराबाईसाठी ठिवलंय." एका घरी तर त्याला उन्हात तासभर बसवून ठेवलं आणि मग तेच सांगितलं.

दिवाळीत संगिता म्हणाली, "आत्याबाई, बंटी लई जेरीस आलाय. आता तरी सोडा."

सोजराबाई पाटीत ताटल्या लावत होती. "काहून? आजून वसमतकडली गावं ऱ्हायलीत," म्हणाली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून उठली.