रांगोळीची न्हाणी

लग्न होऊन मी अकोल्याला आले ती मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, एका गल्लीतल्या अगदी शेवटच्या घरात. घर चांगलं होतं. ओसरी, माजघर, देवघर, मागे अंगण, सगळं ऐसपैस. न्हाणी तेवढी नव्हती. म्हणजे होती, पण तिला न्हाणी म्हणायला मन मोठं लागे. अंगणाच्या कोपऱ्यात एक दगडी फरशी, दोन बाजूंना कमरेएवढी भिंत, तिसऱ्या बाजूला दोरीवर टाकलेलं जुनं लुगडं आणि चौथी बाजू देवाच्या भरवशावर. सांडपाणी अळूच्या वाफ्यात जाई. त्या घरात कुणाचे खरे लाड होत असतील तर त्या अळूचे.

बायका म्हणजे आम्ही दोघीच, आत्याबाई आणि मी. सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणायची आमच्याकडे रीत. आम्ही अंधार असतानाच आंघोळ उरकत असू. अंगावरच्या लुगड्यासकट तांबे ओतून घ्यायचे आणि ओलेत्यानेच माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बदलायचं. अमरावतीला माझ्या माहेरी न्हाणीघराला दार होतं, आतून कडी होती आणि उंचावर एक झरोका होता. त्यातून सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर उतरे. मी ते बघत इतका वेळ लावी, की आई बाहेरून दार ठोठावून थके. अकोल्यात ते ऊन माझ्या स्वप्नात येऊ लागलं. नव्या नवरीच्या स्वप्नात काय काय यावं, आणि मला दिसे ती न्हाणीघराची भिंत. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग आमच्या गल्लीत नळ येणार असं ठरलं, आणि त्या निमित्ताने न्हाणी नवी बांधायची निघाली. हे शाळेत मास्तर. त्यांनी पट्टी आणि शिसपेन घेऊन कागदावर आराखडा काढला. मी रात्री जेवणं झाल्यावर त्यांना एकच गोष्ट मागितली, दार. दागिना मागितला असता तर ते गप्प झाले असते. दार म्हटल्यावर त्यांना हसू आलं. म्हणाले, एवढंच ना, आणि कागदावर दार काढून दिलं.

मामाजींनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ते भिक्षुकी करत. गल्लीतली निम्मी लग्नं आणि मुंजी त्यांच्या हातच्या. त्यांचा सगळा जीव सोवळ्यात. आंघोळ करून मुकटा नेसायचा, तो रेशमी, आणि कशालाही न शिवता थेट देवघरात जायचं. आत्याबाईंचा स्वयंपाकही तसाच सोवळ्यातला, कारण त्यातूनच देवाचा नैवेद्य निघे. मध्ये भलत्याला हात लागला की पुन्हा आंघोळ.

"दाराले सगळ्याइचे हात लागतीन," मामाजी म्हणाले. "आंघोळ करून निंगालो, कडीले हात लागला, का झालं ओवळं. पुना आंघोळ. पुना कडी. मंग मी जल्मभर न्हाणीतच राहू काय?"

घरातल्या जुन्या न्हाणीला दार का नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. कुठल्या पोथीत हे लिहिलंय असं विचारायची जीभ शिवशिवली होती, पण नव्या सुनेची जीभ शिवशिवलेलीच राहते.

त्यानंतर कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ह्यांनी सुचवलं, दार पायाने ढकलता येईल असं करू. मामाजी म्हणाले, पाय काय सोवळ्याबाहेर असतात? ह्यांनी सुचवलं, दोरी बांधू. दोरी सुताची, आणि सुताला तर लगेच विटाळ. शेवटी मामाजींनीच तोड काढली. लोकरीला विटाळ नाही, तेव्हा दाराच्या जागी घोंगडी टांगायची. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा सोडून. घोंगडीला आतून कडी कुठे लावणार? मला इतका राग आला, की त्या दिवशी मी भाकऱ्या थापत नव्हते, बडवत होते.

कागदावरचं आत्याबाईंना काही उमगेना. म्हणून हे मला म्हणाले, तू अंगणात रांगोळीने खरोखरीच्या मापाची न्हाणी काढ, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल. मी शेणाने सारवलेल्या अंगणात पांढऱ्या रेघा ओढल्या. ही भिंत, हा नळ, हे पाणी तापवायचं चुलखंड, ही मोरी. घोंगडीच्या जागी मात्र मी दार काढलं, एकपाखी, आत उघडणारं. विचारलं असतं तर मी हात चुकला म्हणाले असते. कुणी विचारलं नाही.

दुपारी घर निजलं की मी त्या रेघांच्या आत जाऊन बसे. थंडीचे दिवस होते, ऊन अंगावर घ्यावंसं वाटे. दूर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज येत येत विरून जाई. मी गुडघे पोटाशी घेऊन डोळे मिटले, की रेघा उभ्या राहत. भिंती माझ्या डोक्यावर जात. झरोका उघडे. पाणी कढत असे, आणि कुणी बोलावत नसे. कधी तिथे मी अमरावतीची, परकरी वयाची होई. कधी म्हातारी होऊन केस विंचरत बसे. जाग येई तेव्हा ऊन सरकून माझ्या न्हाणीची अर्धी भिंत सावलीत गेलेली असे. सकाळी झाडताना रांगोळी पुसली जाई आणि मी ती पुन्हा काढी. आज झरोका इकडे, उद्या तिकडे. इतकी सुखाची जागा मला त्या घरात दुसरी नव्हती, आणि ती जमिनीवर नुसती पांढऱ्या पुडीची होती.

एका दुपारी डोळे उघडले तर आत्याबाई समोर उभ्या. रांगोळीच्या बाहेर, पदर सावरत. मी दचकून उठायला लागले.

"बस," त्या म्हणाल्या. "दार कुठून आहे?"

मी बोटाने दाखवलं. त्या वळसा घालून तिथून आत आल्या. भिंतीच्या रेघेवर पाय पडू दिला नाही. आत आल्यावर त्यांनी हात मागे नेला आणि हवेतच काहीतरी लावून घेतलं. मग माझ्याशेजारी, मोरीकडे पाठ करून बसल्या. त्यांचे केस पिकले होते. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या माझ्याहून लहान होत्या. मनात आलं, इतक्या वर्षांत या बाईने स्वतःचं अंग उजेडात पाहिलं तरी असेल का? मला एकदम रडूच आलं. इतके दिवस मी दार फक्त माझ्यासाठी मागत होते.

"झरोका वर घेजो," आत्याबाई म्हणाल्या. "उजेड मोठा आला पायजे." आणि उठून, रांगोळीतल्या दारातूनच बाहेर गेल्या.

संध्याकाळी मामाजी आणि हे अंगणात उभे राहून घोंगडी कुठवर लोंबेल याचं माप घेत होते. आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दार बसवा."

"आन मी काय करू?" मामाजींनी विचारलं.

"तुमी लावूच नोका. उघडंच राहू द्या. आजवर उघड्यावरच करता ना आंघोळ? तुमाले कोन पाहून राहिलं?"

ह्यांनी तोंड फिरवून घेतलं, पण खांदे हलत होते. इतक्या दिवसांच्या शास्त्रार्थात हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, की जे लावलंच नाही ते उघडावंही लागत नाही. मामाजी उत्तर शोधत अळूपर्यंत गेले आणि तसेच परत आले. मग हळूच म्हणाले, "माहं झालं. पन तुहं काय? तुह्या सोवळ्याचं काय?"

आत्याबाईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

न्हाणीघर झालं. शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, सागवानी दार, उंचावर झरोका. पहिल्या दिवशी पहाटे मामाजींनी दार सताड उघडं ठेवून आंघोळ केली आणि ते देवघराकडे गेले. मी आत्याबाईंच्या उठण्याची वाट पाहत होते, पण त्यांनी अंधारात उठायची घाई केली नाही. चांगलं उजाडू दिलं. झरोक्यातून ऊन आलं असेल अशा वेळी त्या आत गेल्या आणि कडीचा आवाज झाला.

मी चुलीचं लाकूड सारायला विसरले. आतून पाण्याचा आवाज येई, मग थांबे, मग पुन्हा येई. मामाजींनी देवघरातून हाक मारली, "अवं, गंध कुठी ठेवलं?" उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. या घरात त्यांच्या हाकेला ओ मिळाली नाही असं मी कधी ऐकलं नव्हतं. ते अंगणात आले आणि बंद दारासमोर उभे राहिले.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आत्याबाई सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसून, ओले केस बांधून बाहेर आल्या. चेहरा तापलेल्या पाण्याने लाल झाला होता.

"कडी लावली होती?" मामाजींनी विचारलं.

"लावली होती."

"मंग हात..."

"लागला," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारून स्वयंपाकघरात गेल्या. पुन्हा आंघोळीला गेल्या नाहीत. मी दाराशी उभी राहून बघत होते. त्यांनी वरण शिजवलं, भात केला, वर तुपाची धार सोडली. मामाजींनी हा नैवेद्य घेतला नाही, तर संध्याकाळपर्यंत दार उतरून तिथे घोंगडी लागेल, हे मला कळत होतं.

आत्याबाईंनी नैवेद्याचं ताट वाढून देवघराच्या उंबरठ्याशी आणलं आणि त्या ते धरून उभ्या राहिल्या. मामाजी आत पाटावर बसले होते. त्यांनी ताटाकडे पाहिलं, आत्याबाईंच्या ओल्या केसांकडे पाहिलं. मग उठले, दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं आणि देवासमोर ठेवलं.