गळ्यातला बिऱ्हाडकरू

लग्नानंतर पहिल्यांदा लासुर्ण्याला गेलो, तेव्हा हौसामावशी माझ्या शर्टाचं माप घेत होत्या. बायकोच्या या मावशी गावात शिवणकाम करायच्या. आवंढा गिळताना त्यांच्या गळ्यात लिंबाएवढं काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. "मावशी, सुपारी अडकली का?"

सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. नवा जावई नको तिथं हुशार निघाला होता.

मावशी मात्र हसल्या. "सुपारी न्हाय, जावईबापू. बिऱ्हाडकरू हाय. लई वर्सं झाली."

त्या गाठीला बिऱ्हाडकरूच म्हणत. बोलता बोलता थांबून गळ्याला हात लावत, जणू आतलं कुणी काही सांगतंय. पुढे घास गिळेना, तेव्हा मीच त्यांना बारामतीला नेलं. सुई घालून तपासलं. गाठ थायरॉईडची, पण साधी, कॅन्सरची नव्हे. गळा कापू द्यायला मावशी तयार नव्हत्या. मग डॉक्टरांनी लेझर सुचवलं: सुईतून केसासारखी तार घालून गाठ आतल्या आत भाजायची. "हळूहळू आक्रसेल," ते म्हणाले, "पण पुसली जाणार नाही. काहींची वर्षांनी पुन्हा वाढते. दर वर्षी सोनोग्राफीला या."

"म्हंजी जागा सोडणार न्हाय," मावशी म्हणाल्या, "नुसता आंग चोरून बसणार."

तेव्हापासून दर संक्रांतीला त्या गाठीवरून गळ्याभोवती काळा दोरा फिरवायच्या, तोडायच्या आणि मशीनशेजारच्या खिळ्याला टांगायच्या. दोरे आखूड होत गेले, मग थबकले. पाचव्या साली भर दुपारी, पान हलत नव्हतं, आणि नवा दोरा जुन्यांच्या खाली उतरून हलत होता.

"जागा झालाय," मावशी म्हणाल्या.

"दोरा सैल धरला असेल, मावशी."

"माप खोटं बोलत न्हाय, जावईबापू. बोलत्यात ती माणसं."

आठवड्यानं सोनोग्राफीत गाठ वाढलेली निघाली. पुन्हा लेझर झालं, पुन्हा ती बसली, मावशी सुखानं जेवू लागल्या. त्या खिळ्याकडे पाठ करून बसायची हिंमत मला मात्र पुन्हा झाली नाही.

गेल्या संक्रांतीच्या आधी त्यांनी माझं माप घेतलं. गळ्याशी टेप थांबली. थंडगार बोटं तिथंच राहिली.

"गिळा बरं."

मी गिळलं. "काय झालं, मावशी?"

"शर्ट न्यायला याल, तवा बोलू."

चार दिवसांनी मावशी मशीनवर बसल्या जागीच गेल्या. हृदय थांबलं. पाय पायडलवर, सुईखाली माझा शर्ट. कॉलरचं बटण तेवढं राहिलं होतं, ते बायकोनं लावलं. घालून पाहिला तर कॉलरीत दोन बोटं सहज जात होती. "शेवटी मावशींचंही माप चुकलंच," मी चारचौघांत बोलून गेलो. तेराव्याला असलं बोलणारा जावई मीच.

यंदाच्या संक्रांतीला आमच्या जळोचीच्या घरी तोच शर्ट काढला. कमरेच्या पट्ट्याचं भोक जुनंच. पण बटण लावलं, आणि कॉलर गळ्याला अगदी बेतशीर बसली. आरशासमोर मी आवंढा गिळला. कंठाच्या खाली, डाव्या अंगाला, काहीतरी वर गेलं आणि खाली आलं.

बायको मागेच उभी होती. तिनं कॉलरचं बटण काढलं, बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग म्हणाली, "उद्या सकाळी बारामती. आणि अहो, डॉक्टरांना सुपारी अडकलीय म्हणून सांगू नका."