खाटेवरची रंगपेटी

मुलगी आठ वर्षांची असताना गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि तिच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर लागलं. दीड महिना खाट सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. चित्रं काढायचा नाद तिला आधीपासूनच होता, तो आता दिवसभराचा झाला. खडू चादरीत शिरायचे, ब्रश खाटेखाली घरंगळायचे, पाण्याची वाटी गादीवर सांडायची.

"सैपाक करू का हिचे खडू हुडकू?" बायको एकदा वैतागून म्हणाली.

मी तेव्हा हिंगण्याच्या कारखान्यात होतो. नवीन मशीन ज्या खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या मागच्या आवारात पडलेल्या असत. साहेबांना विचारून चार फळ्या कंपनीच्या बसमधून घरी आणल्या. तिच्या पायांवरून आडवी बसेल अशी, खाली चार पाय असलेली कप्प्यांची पेटी करायची, असं ठरवलं. सुतारकाम मला येत नव्हतं. करवतही शेजाऱ्यांची.

पहिली पाळी करून चारला घरी यायचो. एप्रिलचं ऊन, पाठ भरून आलेली. अंगणात फळीवर गुडघा ठेवून कापायला बसलो की डोळे मिटायचे. एकदा तर करवत हातात धरूनच भिंतीला टेकून झोपलो.

"काहून जिवाले एवढा त्रास करून घेऊन राहिले?" बायको म्हणाली. "आराम करा न थोडा."

तीन आठवडे गेले. पेटी खाटेवर ठेवून पाहिली, तर ती प्लास्टरवरच टेकली. मी माप घेतलं होतं ते चांगल्या पायाचं.

"बाबा, लागते मले," ती म्हणाली.

"मग नको घेऊ!" मी ओरडलो. पेटी उचलून अंगणात आपटली. आतून रडण्याचा आवाज आला नाही, तेच जास्त लागलं. मग पेटीचे पाय उपटले आणि नवे, जास्त उंच पाय कापायला घेतले.

पेटी पुरी झाली त्याच आठवड्यात प्लास्टर काढलं. सुट्ट्या लागलेल्या. ती लंगडत लंगडत जी बाहेर गेली, ती जेवायलाच घरात यायची. पेटी खाटेवर तशीच. बायकोनं एक-दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी कामावरून आलो, तर ती जमिनीवर पेटी घेऊन बसली होती. खडू एका कप्प्यात, ब्रश एकात. पाण्याच्या वाटीसाठी मी पाडलेल्या गोल भोकात वाटी नीट बसली होती.

"बाबा, तुटक्या पेन्सिलींले जागाच नाही याच्यात. अजून एक कप्पा करून द्या न."

"देतो," मी म्हणालो, आणि तिच्या शेजारीच फरशीवर आडवा झालो.