ताहिरचा मुसाफा

आमच्या ह्यांना हात मिळवल्याशिवाय सलाम पुरा झाल्यासारखा वाटतच नाही. नाव ताहिर, गाव दाभोळजवळचं आणि काम बहरीनच्या मीना सलमान बंदरात लाँच चालवणारा तांडेल. खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला, मटण, पाणी पोचवायचं. घरून निघाले की वॉचमन, न्हावी, खुबूसच्या रोट्या भाजणारा पठाण, सगळ्यांशी दोन्ही हातांनी मुसाफा. मी आपली पिशव्या धरून ताटकळत उभी. "आता त्या विजेच्या खांबाशी पण करा," असं कितीदा म्हटलं असेन. जित्याची खोड, दुसरं काय!

मग कोरोना आला. विमानं बंद, मशिदी बंद, आमच्या लाईबाची शाळा मोबाईलमध्ये. बंदरात नियम झाला की जहाजावरचा माणूस उतरणार नाही आणि लाँचवरचा वर चढणार नाही. सामान दोरीनं वर जायचं. हे रोज कुरकुरायचे, "माणसांना लांबून हात हलवायचे म्हणजे काय गो? आपण काय बावटे आहोत?"

त्या दिवशी एका मालवाहू जहाजाच्या शिडीवरून एक तिशीतला माणूस गोण्या बांधायला पार पाण्याजवळ उतरला आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." झालं! ह्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं ते धरले आणि सोडलेच नाहीत.

ह्यांना बंदरापुरतं अरबी येतं. त्याचं नाव हमझा, येमेनचा. त्याचे दोन भाऊ बंदूकवाल्यांनी नेले ते परतले नाहीत. याची पाळी आली तेव्हा हा जहाजात लपला. कप्तानाला सापडला, पण कळवलं तर जहाज अडकेल म्हणून कप्तानानं त्याला कोठारात कोंडून ठेवलं होतं. त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून तेवढा बाहेर काढलेला. आणि जहाज आता येमेनच्या त्याच बंदराकडे परत निघणार होतं.

"मला आसरा हवाय," तो म्हणाला. "सरकारातल्या कुणाला तरी सांग. माझं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. न ऐकता परत पाठवू नका."

वरून कुणीतरी ओरडलं आणि त्याला शिडीवरून ओढत नेलं. ह्यांनी धक्क्यावर येऊन मॅनेजर सलीलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताहिरभाई, आपण भाजी पोचवतो. बाकीच्या भानगडीत पडायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी त्या जहाजाचा स्वयंपाकी तापानं फणफणला, टेस्ट पॉझिटिव्ह आली. लाँचवाल्यांना विचारलं, कुणाला हात लावलात का? ह्यांनी सांगितलं, लावला. मग थेट सलमाबादला क्वारंटाईन, कामगारांच्या इमारतीतली एक खोली. खिडकी उघडली की समोर गोदामाची भिंत. जेवण दाराबाहेर ठेवून जायचे. आरोग्य खात्यातून फोन येणार होता, कुणाला हात लावला त्याचं नाव विचारायला.

त्याआधी सलीलचा आला. "एखाद्या खलाशाचं नाव सांगा आणि खलास. हमझाचं नाव निघालं तर जहाज अडकेल, कप्तान आपल्याकडून सामान घेणं बंद करेल आणि मालक तुमचा व्हिसा कॅन्सल करेल. माझ्या हातात काही नाही, ताहिरभाई."

ह्यांनी मला फोन लावला. मी म्हटलं, "गप्प बसा. लाईबाकडे बघा." आजही तेच म्हणेन. माझं लेकरू आधी.

हे म्हणाले, "खदिजा, माझ्या दाराला कुलूप नाय, तरी मना इथं जीव घुसमटल्यागत होतंय. त्याच्या दाराला हाय गो."

मला रडू फुटलं, नुसत्या रागानं.

आरोग्य खात्याच्या बाईला ह्यांनी नाव सांगितलं, हमझा. ती म्हणाली, त्या जहाजावर या नावाचं कुणी नाही. "आहे," हे म्हणाले. "कोठारात कोंडलाय. आणि त्याला आसरा मागायचाय, ते पण लिहा."

एरवी कुणी लक्ष दिलं असतं की नाही, अल्ला जाणे. पण रोगाचा माग मध्येच सोडून चालणार नव्हतं. जहाज थांबवलं, हमझाला उतरवून वेगळं ठेवलं आणि निर्वासितांचं काम बघणाऱ्या संस्थेच्या वकीलबाईनं फोनवर त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

मालकानंही शब्द खरा केला. आमचा व्हिसा रद्द झाला. ह्यांना सलमाबादहून सोडल्यावर विमानं सुरू होईपर्यंत आम्ही तिघं आमच्या फ्लॅटमध्ये, काम नाही, बाहेर जाणं नाही, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

निघायच्या दिवशी एअरपोर्टवर वकीलबाईचा फोन आला. हमझाला त्या बंदरात परत पाठवणार नाहीत, असं ठरलं होतं. हे मास्कच्या आत हसायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"त्याला नाही पाठवत," मी म्हटलं, "आपल्याला पाठवतायत!"

"आपल्याला परत जायला घर हाय गो," हे म्हणाले.

खरं होतं. राग मात्र गेला नाही.